अप्पांचा पुरा सेट

गाडीचा कुठलाही नवा भाग आणला की अप्पा म्हात्रे तो आधी एक दिवस देव्हाऱ्यात ठेवत. मग तो फॅनबेल्ट असो नाहीतर साधा प्लग. त्याला हळदकुंकू लागायचं, फूल वाहिलं जायचं आणि शेजारी खंडोबा निमूट बसलेला असायचा. मंजुळावहिनी करवादायच्या, "द्येवाला ग्रीसचा वास येतो!" त्यावर अप्पा म्हणायचे, "यंत्राला बी घराची वलख व्हायला नको? तू नवीन आलीस तवा दोन दिस बोलली व्हतीस का कोनाशी?" वहिनी लाजून आत निघून जायच्या.

अप्पा मूळचे चामटोलीचे, शेतीवाडीतले. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात ते फिटर होते तिथेच मी अधिकारी, आणि बदलापूरजवळच्या बेलवलीत आमची दारं समोरासमोर. ते मला 'साएब' म्हणायचे, पण अशा सुरात की साहेबपणा तिथल्या तिथे उतरावा. त्या काळी बेलवलीत गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. अप्पांची अँबॅसिडर जुनीपुराणी, कुणा डॉक्टरकडून घेतलेली. पण अख्ख्या आळीच्या बाळंतिणी तिच्यातून गेल्या, नवऱ्यामुली गेल्या, माझी आई डोळ्याच्या ऑपरेशनला गेली. कुणी विकत मागितली की अप्पा उखडायचे. "गारी इकनार नाय. मी मेल्यावं काय करायचं ते करा." गाडीला ते कायम 'गारी'च म्हणायचे.

मग ती धूर ओकायला लागली. आमच्या वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसू लागली आणि माझं डोकं फिरलं. "अप्पा, वीटभट्टी काढलीत की काय?" म्हणून मी ओरडलोसुद्धा. एरवी असं काही झालं की स्वारी खूश व्हायची. इंजिन खोलायचं म्हणजे उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाऊन सामान निवडायचं, आणि हा माणूस वांगी निवडावीत तसा एकेक पिस्टन हातात घेऊन, फिरवून, उजेडात धरून बघायचा. दुकानदार मेटाकुटीला यायचे. या वेळी मात्र अप्पांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. मी ओरडलो त्यानंतर दोनच दिवसांनी पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मीच नेलं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं, फार तर काही महिने. बाहेर पायरीवर बसून अप्पांनी विडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. "घरी बोलायचं नाय, साएब. तुझ्या आयेची शपत हाय तुला." थोड्या वेळाने म्हणाले, "गारी इकली पायजे. मी हाय तवर. नायतर मागं घरवालीला एकटीला बगून लोक फसवतील." मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, मुलगा नाही. वहिनींनी तर स्टिअरिंगला कधी हातसुद्धा लावलेला नव्हता.

आम्ही लालूशेठच्या दुकानात गेलो. लालूशेठ सिंधी, गल्ल्यावरून न उठता अर्ध्या कॅम्पाला सुटे भाग पुरवणारा. त्याचा रिवाज ठरलेला. इंजिनाचं सामान मागणाऱ्या प्रत्येकाला तो आधी एकच विचारायचा, "गाडी बेचनी है या चलानी है?" बेचनी असेल तर नुसत्या रिंगा आणि बेअरिंगं. धूर थांबतो, गिऱ्हाईक मिळतं, पुढचं पुढे. चलानी असेल तर लायनर, पिस्टन, सगळाच्या सगळा पुरा सेट, म्हणजे वर्षानुवर्षं बघायला नको. वहिनींना मुलीसाठी साडी घ्यायची होती म्हणून त्याही आमच्याबरोबर आल्या होत्या. दुकानाच्या पायरीशी पिशवी धरून उभ्या होत्या.

"बेचनी है," अप्पा म्हणाले.

लालूशेठने चष्म्यावरून बघितलं. "अरे दादा, तू? तू बेचेगा?"

अप्पांनी मान खाली घातली. मी वहिनींकडे बघितलं. ही बाई अप्पांना ओळखून होती. हा माणूस गाडी कधी विकेल हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. ती पायरी चढून वर आली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "शेठ, पुरा सेट दो. बेचनेकी नाय. चलानेकी हाय."

"कोन चालवनार गो?" अप्पा तिच्याकडे वळले.

"मी."

पुरा सेट देव्हाऱ्यात दोन दिवस राहिला. इंजिन बांधलं, आणि वहिनी चामटोलीच्या माळावर गाडी शिकू लागल्या. पदर खोचलेला, दात आवळलेले, शेजारी दिवसेंदिवस वाळत चाललेले अप्पा. नव्या इंजिनाला सुरुवातीला ताणायचं नसतं, हळूहळू चालवून रुळवायचं असतं. अप्पा हसून म्हणायचे, "इंजिन नवीन, डायवर नवीन. दोगींना बी दामटायचं नाय." पोरं मागे धावायची, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. वहिनींना कशाचीच पर्वा नव्हती. त्या दोघांना इतकं गप्पा मारताना मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

एका सकाळी अप्पांच्या तोंडातून रक्त आलं. वहिनींनी गाडी काढली, अप्पा पुढे, मी मागे. उल्हासनगरचं हॉस्पिटल गाठायचं होतं आणि गाडी चालली होती बैलगाडीसारखी. माझा धीर सुटला. "अहो वहिनी, दामटा! इंजिन गेलं चुलीत!" वहिनींनी पाय दाबला, इंजिन गुरगुरलं. अप्पांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"हलू घे गो. घाई कशाला? तिकरं गेल्यावं तुझ्या बाजूला कोन बसू देनार हाय मना?"

वहिनींनी पाय उचलला. मी मागे टेकून बसलो.

बदलापूर मागे पडलं. वहिनी बोलत राहिल्या, यंदाच्या भाताबद्दल, लेकीबद्दल. गिअर बदलायचा झाला की त्यांना विचारत होत्या, "टाकू का हो?" आणि अप्पा "टाक" म्हणत होते. अंबरनाथच्या अलीकडे अप्पांची मान खिडकीकडे कलली. मागून मला त्यांचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते आणि पापणी हलत नव्हती. वहिनींची नजर रस्त्यावर होती, दोन्ही हात चाकाला घट्ट होते. पुढे चढ संपून रस्ता मोकळा झाला.

"टाकू का हो तिसरा?" त्यांनी विचारलं.

अप्पा बोलले नाहीत. वहिनींनी पुन्हा विचारलं.

"टाका, वहिनी," मी मागून म्हणालो.