नोमसाला घरी नेताना

नोमसा गेल्याचा फोन रुस्ताकहून शरीफा खालाचा आला. मी मस्कतमध्ये अल् खुवैरला ऑफिसखाली गाडी पुसत उभा होतो. आमच्या कंपनीचे पाहुणे खालाच्या अंगणात कॉफी पीत होते, नोमसा त्यांच्याशी बोलता बोलता बोरीच्या झाडाखाली बसली आणि उठलीच नाही… त्या दिवशी तिच्यासोबत जायची पाळी माझी होती. दाढ दुखते म्हणून मी दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवलं होतं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले, दाढ दुखायची कधीच थांबली, आणि मी अजून स्वतःला शिव्या देतो आहे.

मी रत्नागिरीचा. इथे मस्कतला टुरिस्ट कंपनीत गाडी चालवतो. नोमसा आमच्या कंपनीची गाइड, दक्षिण आफ्रिकेतल्या डोंगराळ गावातली, जातीची झुलू. चार वर्षं माझ्या शेजारची सीट तिची होती. तिच्या गावी म्हणे हॉटेलच्या बसेस यायच्या. माणसं कातडी नेसून वीस मिनिटं नाचायची, बस निघून जायची आणि नाचणाऱ्यांच्या वाट्याला धूळ. नोमसाने गावातल्या बायकांना जमवलं. पाहुण्यांनी आपल्या घरी राहावं, आपल्या चुलीवरचं खावं, मण्यांचं काम आपल्याकडून शिकावं आणि त्यातून गावाला नळ यावा, बालवाडी यावी, असा तिचा हट्ट. गवताने शाकारलेली दोन गोल घरं उभीही राहिली होती. धंदा नीट शिकून घ्यायला ती इथे आली होती, या हिवाळ्यात परत जाणार होती. इथेही तिने तेच केलं. रुस्ताकचा नुसता किल्ला दाखवून पाहुण्यांना परत आणणं तिला पटेना, म्हणून ती त्यांना खालाच्या अंगणात घेऊन जाऊ लागली. मग आजूबाजूच्या बायकांनीही दारं उघडली.

तिचा एक नियम मात्र कडक होता. नाच पाहुण्यांसाठी, मेलेली माणसं घरच्यांसाठी. एकदा परतीच्या वाटेवर तिने मला सांगितलं, की माणूस परमुलखात मेला तर त्याचा जीव तिथेच उभा राहतो. घरच्यांपैकी कुणीतरी बोरीसारख्या काटेरी झाडाची फांदी घेऊन तिथे जायचं, नाव घेऊन हाक मारायची आणि त्याला घरी आणायचं. वाटेत फक्त त्याच्याशी बोलायचं. दुसऱ्या कुणाशी बोललं तर तो तिथेच उतरतो. माझ्या जिभेला हाड नाही. दुसऱ्याच दिवशी मी ते पाहुण्यांना रंगवून सांगितलं, आणि एक बाई म्हणाली, आम्हाला करून दाखवा ना. नोमसा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी उतरताना एवढंच म्हणाली, “रफीकभाई, ते मी तुला सांगितलं होतं. गाडीला नाही.”

ती गेली तेव्हा तिच्या घरून कुणाला व्हिसा वेळेत मिळेना. तिची आई शाळेत शिकवायची, इंग्रजी चांगलं. तिनेच फोन केला. म्हणाली, ती तुला भाऊ मानायची, तूच तिला त्या झाडाखालून तिच्या शवपेटीपर्यंत आण, पुढे आम्ही बघू. कुठल्या भाषेत बोलू, असं मी विचारलं. रोज ज्या भाषेत बोलायचास त्याच, ती म्हणाली.

खालाने काही न विचारता फांदी तोडून दिली. आमच्याकडे मय्यतीच्या आंघोळीच्या पाण्यात बोरीचा पाला टाकतात, इथेही टाकतात. मी झाडाखाली उभा राहून हाक मारली, फांदी शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. नोमसा, वळण आलं. नोमसा, आता पूल. आमच्या त्या मोडक्या हिंदीत मी सगळी वाट सांगत होतो. विमानतळावर पेटीच्या कार्गोचे कागद बघायला मित्राला आधीच पाठवलं होतं, म्हणजे मला तोंड उघडावंच लागू नये. फक्त पेट्रोल भरायचं विसरलो होतो.

पंपावरचा म्हातारा खिडकीशी आला आणि म्हणाला, “अस्सलामु अलैकुम.”

सलामाचा जवाब देणं वाजिब, चुकवायचंच नाही, हे आईने बोलायला शिकवतानाच शिकवलेलं. पन्नास वर्षांत एकही सलाम मी परत केल्याशिवाय सोडला नसेल. “वालेकुम अस्सलाम,” मी म्हणून गेलो… मग सीटकडे बघितलं. फांदी होती तशीच होती. विमानतळापर्यंत मी रडत तिची विनवणी करत होतो. नोमसा, चूक झाली, चल ना. तिथे फांदी पेटीवर ठेवली. तिच्यासोबत मी नुसतं लाकूड पाठवलं की काय, कुणाला विचारू?

गेल्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. गावातल्या त्या दोन्ही गोल घरांना कुलूप आहे. आता पुढे कोण करणार, असं बायका रोज येऊन विचारतात. पण फोन त्यासाठी नव्हता. “घरी पोचलेला माणूस स्वप्नात येतो. ती अजून कुणाच्या स्वप्नात आलेली नाही,” ती म्हणाली. “वाटेत कुणाशी बोललास का?”

“नाही, आई.”

“मग येईल.”

हे मराठीत लिहितो आहे, कारण हे तिच्या आईला वाचता येणार नाही. इतका मी भित्रा आहे.

आता रुस्ताकहून रिकामा परतताना टाकी भरलेली असली तरी मी त्या पंपावर थांबतो. शेजारचं दार उघडतो. चल नोमसा, घरी जाऊ, म्हणतो आणि थोडा वेळ तसाच बसतो. कुणी बसलं की नाही, मला कळत नाही. परवा तो म्हातारा पुन्हा खिडकीशी आला. ओळखीचं हसला, सलाम केला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने आणखी एकदा, जरा मोठ्याने केला. मी जवाब दिला नाही.