आधी फॉर्म, मग गप्पा

आमच्या विद्यापीठात मुलांनीच चालवलेला एक गट होता. आंतरराष्ट्रीय विकास हा त्याचा विषय. दर गुरुवारी दुपारी आम्ही एका रिकाम्या वर्गात जमायचो आणि परदेशातल्या एका विद्यापीठातली अशीच मुलं समोरच्या पडद्यावर यायची. मी तिथे दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत मी बैठकीत जे काही बोलले, ते कागदाच्या एका बाजूवर मावेल.

तो गट मला आवडायचा, आणि त्याचं कारण सांगायला आता लाज वाटते. तिथे हो म्हणायला बोलावं लागत नसे. परदेशातल्या मुलांकडून आलेली पद्धत होती. कुणी काही मांडलं की अध्यक्ष विचारायची, "कुणाची हरकत?" आणि दहा सेकंद थांबायची. कुणी बोललं नाही तर सगळ्यांचा होकार धरायचा. माझी तर सोयच झाली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण होती ती सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघण्याची. पुण्यात कुठे राहतेस, असं कुणी विचारलं तर मी 'एअरपोर्टच्या बाजूला' म्हणायचे. विश्रांतवाडी म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, आणि त्याच्या पुढचा आडनावाचा असतो.

दुसऱ्या वर्षी आमचा प्रकल्प ठरला: कष्टाची कामं करणाऱ्या बायकांना कामाच्या जागी काय लागतं. मार्केट यार्डाच्या पलीकडे एका खासगी गोदामात कांदा निवडणाऱ्या बायकांना भेटायचं होतं. अध्यक्ष दिल्लीची. बाकीच्यांचं मराठी रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं. त्यामुळे दुभाषी मी.

आमची शिस्त अशी होती की आधी फॉर्म, मग गप्पा. फॉर्म इंग्रजीत होता, तो मी मराठीत वाचून दाखवायचा. फोटो काढू का, तो छापू का, तुम्ही बोललेलं वापरू का. सही घेतल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही, यावर अध्यक्षेचा कटाक्ष होता. तो चुकीचा आहे असं मलाही तेव्हा वाटलं नाही. पण बाईला काय सांगायचंय हे तिलाच अजून ठाऊक नसताना आम्ही तिची परवानगी घेऊन मोकळे होत होतो.

चौथी मुलाखत एका मावशींची होती. पंचेचाळिशीच्या असतील. कांद्याची सालपटं उडतात म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला. फोटोसाठी त्यांनी तो सोडला, पदर सारखा केला आणि छान हसल्या. मग मांडीवर वही ठेवून एकेक अक्षर जोडत सही केली.

"शाळेत एवढं मन लावून लिवलं असतं तर बाई खूश झाल्या असत्या," त्या म्हणाल्या. मग मला न्याहाळत, "कुठली गं तू?"

"विश्रांतवाडी. विहाराच्या मागे."

"म्हंजी आपल्यातलीच की. मला वाटलं, इंग्लंडात जन्मली का काय. त्यांच्यासंगं निस्तं फाडफाड चाललंय तुझं."

मी हसले. त्या गोदामात मी पहिल्यांदाच मोकळी हसले असेन. अध्यक्ष फोटो तपासायला उजेडात गेली आणि मावशी कांद्यावरचा हात न थांबवता बोलायला लागल्या. गोदामाला संडास आहे, पण त्याला कुलूप, आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. तो जागेवर नसला तर थांबायचं. असला तर चार पुरुषांसमोर मागायची. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांना स्वतःला जळजळीचा त्रास होऊन आठ दिवस दवाखान्यात पडावं लागलं होतं.

"किल्ली त्याच्या खिशात, अन् लघवी आमच्या डोक्यात," त्या म्हणाल्या. "दिवसभर दुसरं काय सुचतच न्हाई."

मी वहीत लिहून घेतलं. ते पाहून त्यांचा हात थांबला.

"हे फोटोखाली घालू नको हां. तुला सांगितलं, तू आपली म्हणून. त्यानं वाचलं तर उद्यापास्नं येऊ नको म्हणंल."

"नाही घालणार, मावशी," मी म्हणाले.

घरी येऊन मी त्या किल्लीच्या वाक्याचं इंग्रजी केलं. दोनतीनदा बदललं, शेवटी चांगलं जमलं. मुलाखत क्रमांक चार, म्हणून इतर मजकुराबरोबर अध्यक्षेला पाठवून दिलं. मावशींची अट मात्र लिहिली नाही. ती भेटीत सांगू, असं ठरवलं होतं.

गुरुवारी पडद्यावर अहवालाचं पहिलं पान आलं. मावशींचा हसरा फोटो, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य.

"हे सोनं आहे," पडद्यावरचा एक मुलगा म्हणाला. "कुणी केलंय भाषांतर?"

अध्यक्षेने माझं नाव घेतलं. वर्गातले सगळे आणि पडद्यावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. परदेशातल्या एका मुलीने टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिथे असल्याचं कुणाच्या लक्षात आलं होतं.

"पहिलं पान हेच. कुणाची हरकत?"

दहा सेकंद बराच वेळ असतो. मला हरकतीचं वाक्य तयार करता आलं, मनात दोनदा म्हणूनही झालं. मी घाबरले होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला त्या टाळ्या अजून थोडा वेळ हव्या होत्या. अध्यक्षेने मान डोलावली आणि पुढचं पान आलं.

अहवाल फिरत फिरत गोदामाच्या मालकापर्यंत पोहोचला. तीन आठवड्यांनी आम्ही छापील प्रती द्यायला गेलो तेव्हा संडासाचं कुलूप निघालेलं होतं. दाराला आतून नवी कडी होती. अध्यक्षेने त्या कडीचा फोटो काढला. मुकादमाने आम्हाला खुर्च्या दिल्या. "छान छापलंय मॅडम," तो म्हणाला. "कागद पण भारीतला आहे."

मावशी दिसत नव्हत्या. मी शेजारच्या बाईला विचारलं.

"ती न्हाई येत आता," तिने मान वर न करता सांगितलं. "येऊ नको म्हणले तिला."

पुढच्या गुरुवारी कडीचा फोटो पडद्यावर आला. आमच्या गटाच्या कामामुळे प्रत्यक्ष झालेला तो पहिला बदल, असं ठरलं. हरकत विचारण्यात आली. मी त्याही वेळी गप्प बसले.

मावशींचा पत्ता लागायला दोन महिने गेले. गोदामातल्या बायका सांगायला तयार नव्हत्या. "परत छापायला पायजे का?" एकीने विचारलं. चौथ्या खेपेला त्यांच्यातल्याच एका म्हातारीने सांगितलं की ती कोथरूडला एका खानावळीत लागली आहे.

खानावळीच्या मागच्या बाजूला त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ये, बस, म्हणाल्या. इथे कसं काय आहे, असं मी विचारलं. बरं आहे, म्हणाल्या, फक्त दोन बस बदलाव्या लागतात आणि मालकीण तोंडाने फटकळ आहे. बसभर पाठ केलेली माफी मी मनात पुन्हा जुळवत होते. तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"तू सांगितलं होतंस ना त्यांना? बाई नको म्हणाली म्हणून?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मग झालं तर. तुझं काय चालणार त्या मोठ्या पोरांपुढं."

तेवढ्यात मालकीण बाहेर आली आणि ही कोण, म्हणून तिने विचारलं.

"मी म्हणत न्हवते का, ती पोरगी," मावशी म्हणाल्या. "हिनं नको म्हणून सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण."

"चांगलं केलंस हो," मालकीण मला म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मी चहा घेतला. निघताना मावशी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. त्यानंतर कोथरूडला मी अनेकदा गेले आहे. त्या गल्लीत गेलेले नाही.