आधी तुम्ही, तानाकासाहेब!

आमच्या घरात जपानी हॉटेल एकूण पाऊण तास चाललं. त्यातली पहिली वीस मिनिटं कोणी काही खाल्लं नाही आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांत खाण्यासारखं काही राहिलं नाही!

गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतली. मी लालबागच्या एका गिरणीत माग खात्याचा कारकून होतो. गिरणीने जपानहून नवे माग आणले आणि ते बसवायला तानाका नावाचे इंजिनियर आले. बुटके, हसरे, आणि शिपायाने 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी कमरेत वाकणारे. माग चालू झाले की खात्यातला एक माणूस सहा महिने शिकायला जपानला जाणार होता आणि तो कोण, हे तानाकासाहेब ठरवणार होते. उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा परब. आमच्याच खात्यातला, आमच्याच चाळीतला, आमच्याच मजल्यावरचा! (मला जपानची इतकी ओढ लागली होती की बायकोला न सांगता मी गरम कोटाचं कापड बघून आलो होतो.)

जेवणाच्या सुट्टीत साहेब मोडक्या इंग्रजीत त्यांच्या गावच्या हॉटेलाचं वर्णन करायचे. टेबलाच्या मध्यभागी कोळशाची शेगडी, भोवती सगळी मित्रमंडळी. माशाचे, मटणाचे कच्चे तुकडे समोर येतात. ज्याने त्याने भाजायचं, गप्पा मारायच्या आणि खायचं. हे सांगताना त्यांच्या पुढ्यातल्या कँटीनच्या उसळीकडे बघवत नसे.

"साहेब," मी परबच्या देखत म्हणालो, "रविवारी दुपारी आमच्याकडे या. तेच हॉटेल आमच्या घरी!"

परबचा चेहरा असा पडला की मला बोटीचा भोंगा ऐकू आला.

घरी आईने कपाळावर हात मारला. "पावण्याक घरी बोलावन तेकाच रांधूक लावतलस? लोक शेण घालतले तोंडात!"

"आई, त्यांच्याकडे तीच पद्धत आहे."

"आणि माशाक काय लावतंत?"

"नुसतं मीठ."

"नुसता मीठ? पावण्याक काय ताप इलोहा?"

इथे मी गप्प बसलो, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे मामांना बोलावलं. पाहुण्याच्या पंक्तीला घरातलं कोणी वडीलधारं हवं, असं बायको म्हणाली. मामा परळच्या एका शाळेत हेडमास्तर होते आणि शिष्टाचाराच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्या व्याह्यांनाही सोडलं नव्हतं.

टेबल मात्र घरात नव्हतं. चौरंगावर मासे ठेवायला आईने साफ नकार दिला. शेवटी चाळीच्या क्रीडा मंडळाचा कॅरम बोर्ड आणला, दोन स्टुलांवर ठेवला, वर पत्रा, पत्र्यावर विटा आणि विटांवर आमची रोजची शेगडी. (मंडळाला सांगितलं, पाहुण्यांना कॅरमचा नाद आहे.)

साहेब वेळेवर आले. शेगडी बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आईला आणि बायकोला म्हणाले, "प्लीज, तुम्हीही बसा."

"मी बसलंय तर वाढतला कोण?" म्हणत आई त्यांच्या मागे पळी घेऊन उभी राहिली, ती शेवटपर्यंत. पळीचं काम काय, हे तिलाही माहीत नव्हतं.

परातीत सुरमईच्या तुकड्या होत्या. निदान असाव्यात, वरून फक्त मसाला दिसत होता. आईने पावण्याचा ताप उतरवण्याइतकी मिरची लावली होती. साहेबांनी चिमट्याने तुकड्या शेगडीच्या जाळीवर मांडल्या, उलटल्या, आणि पहिली तयार झाल्यावर अदबीने मामांपुढे धरली. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांचा मान पहिला.

मामा हबकले. "छे छे! पाहुण्याआधी? आधी तुम्ही."

"नो, नो. आधी तुम्ही."

"अहो, असं कसं? वसंता, तू सांग ना यांना!"

मी सांगितलं. साहेब वाकले. मामाही वाकले. साहेब आणखी खाली वाकले. तुकडी पुन्हा जाळीवर गेली. मग मी एक साहेबांच्या ताटलीत घातली, त्यांनी ती बायकोला दिली, बायकोने "अगंबाई, आधी सासूबाई" म्हणून आईला दाखवली, आईने "पावणो उपाशी बसलोहा आणि मी खाव?" म्हणत पळीने ती परत शेगडीवर ढकलली. पळीला अखेर काम मिळालं! प्रत्येकाला वाटत होतं की तिसऱ्या आग्रहाला समोरचा ऐकेल. आमच्याकडे ऐकतात. पण जपानात बहुतेक पाचव्याला ऐकत असावेत, आणि तोवर सगळ्या तुकड्या काळ्या पडून त्यांचा मसाला तेलासकट निखाऱ्यात उतरला होता.

असा धूर मी जन्मात पाहिला नाही! पाहिला नाही म्हणजे खरंच पाहिला नाही, कारण डोळे उघडत नव्हते. मामा खोकत खोकत "आधी तुम्ही" म्हणत होते. धूर दारातून गॅलरीत गेला आणि मजलाभर शिंका सुरू झाल्या.

त्या दिवसांत अश्रुधूर आमच्या चाळीला नवा नव्हता. नाक्यावर पोलिसांनी मोर्चा अडवला की नळकांडी पडत आणि म्हणून प्रत्येक दाराशी भरलेली बादली आणि ओलं गोणपाट तयार असे. कोणीतरी ओरडलं, "अश्रुधूर! वसंताच्या खोलीत नळकांडं पडलंय!" खालच्या मजल्यावरून लगेच घोषणा आली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" आणि डोक्यावर गोणपाट घेतलेला परब आत घुसला. त्याने काही विचारलं नाही. थेट बादली रिकामी केली. पाठोपाठ आणखी तीन बादल्या आल्या.

वाफ विरली तेव्हा साहेब राखेने माखून, भिजून चिंब बसले होते. बाहेर घोषणा चालूच होती.

"हे... नेहमी असतं?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "नाही साहेब, आज तुमच्यासाठी खास!"

आईने शेगडीतून एक कोळसा शोधून काढला. तो बहुधा सुरमईचा होता. साहेबांच्या ताटलीत ठेवून म्हणाली, "आता तरी खा रे बाबा." आणि त्या माणसाने तो डोळे पुसत खाल्ला! मला भयंकर लाज वाटली. गरम कोट गेला, बोट गेली, वर मंडळाला नवा बोर्ड द्यायचा होता.

सोमवारी मॅनेजरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तानाकासाहेब तिथेच होते. डोळे अजून लाल.

"मी ठरवलं आहे," ते म्हणाले. "मला वसंतराव हवेत. घरात आग, पाणी, पोलिसांचा अश्रुधूर, तरी ह्या माणसाने पाहुण्याला सोडलं नाही. बोला, याल?"

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण परब शेजारी उभा होता, मान खाली घालून. आणि चारचौघांत समोर आलेली वस्तू पहिल्या झटक्यात घ्यायची, हे आमच्या खानदानात कोणी केलेलं नाही. मी हसून म्हणालो, "छे छे साहेब! परब आहेत ना. आधी ते."

आता परब म्हणणार, 'नाही, नाही, वसंतराव, मान तुमचा'. मग मी पुन्हा नाही म्हणणार, आणि तिसऱ्या वेळी नाइलाजाने हो. सगळं माझ्या मनात ठरलेलं होतं.

"येस सर," परब म्हणाला.

सहा महिन्यांनी तो परत आला तो थेट आमच्या घरी. गालावर तुकतुकी, अंगात गरम कोट. तिथल्या शेगडीच्या हॉटेलात त्याचं काहीच अडलं नाही म्हणे. भाजला तुकडा की उचलायचा. "वसंतराव, तुमच्यामुळे जपान बघितलं हो," तो म्हणाला.

माझी नजर त्या कोटावरून हलेना. "छे छे, त्यात काय एवढं!" मी म्हणालो, आणि वर त्याला जेवायला थांबण्याचा आग्रह केला. तो पहिल्याच आग्रहाला थांबला.