उपड्या ताटल्या

बुधीबाई गेल्याचं तिच्या मुलाने फोनवर सांगितलं. तीन दिवसांचा ताप. मग म्हणाला, "दादा, बातमी नको करू." तसं म्हणायचा त्याला अधिकार होता...

जव्हारच्या डोंगरातल्या एका पाड्यावर, चौथीपर्यंतच्या शाळेत, ती पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जात, आईबापांबरोबर मुलंही, आणि पावसाच्या तोंडावर परतत. तरी बुधीबाई रोज पटावरच्या प्रत्येक मुलाची ताटली मांडायची. हजर असलेल्यांची सुलटी, भट्टीवर गेलेल्यांची उपडी. "उपडी म्हंजे पोर नाय, असं नाय. पोर येनार हाय."

यंदा माघात पाहणीला एक अधिकारी आले. सात ताटल्या सुलट्या, चोवीस उपड्या. त्यांनी सात लिहिले.

"सायेब, माघ हाय म्हनून पोरां नाहीत. आषाढात येऊन मोजा."

"बाई, मला शिकवता? तुम्ही किती शिकलात?"

"कायच नाय. म्हनून तर शाळा पायजे."

सगळे हसले, साहेबही हसले. तिचा मुद्दा मात्र कोणी खोडला नाही. खोडता येण्यासारखा नव्हताच. माघातली गैरहजेरी फक्त माघाबद्दल काही सांगते. त्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढता येत नाही. हे समजायला पदवी लागत नाही. पण समजलं असतं तर आषाढात पुन्हा डोंगर चढावा लागला असता. महिनाभरात आदेश निघाला: विद्यार्थी नसल्याने शाळा बंद.

मी बातमी दिली. मथळा आदेशाचाच होता. बुधीबाईचं म्हणणं शेवटच्या ओळीत, 'ग्रामस्थांचा दावा' म्हणून. तिने बातमी कोणाकडून तरी वाचून घेतली आणि जव्हारच्या एसटी स्टँडवर मला गाठलं.

"तू कदी आलतास रं पाड्यावर?"

"माघातच."

"किती मोजलीस?"

"सात."

"मंग तू सायबाचाच भाऊस."

मी म्हणालो, आदेशात होतं तेच छापलं.

"आदेशात हाय म्हनून खरं?"

मी गाडी आल्याचं निमित्त केलं. त्यानंतर भेट झाली नाही...

मुलाच्या फोननंतर, गेल्या आठवड्यात, आषाढात, पाड्यावर गेलो. शाळेला कुलूप होतं. भट्टीवरून परतलेली मुलं बांधावर खेकडे शोधत होती. शाळेच्या ताटल्या बुधीबाईने घरी आणून ठेवल्या होत्या. ओट्यावर तिची सून त्या धूत होती.

"पोरां आलीत," ती म्हणाली आणि शेवटची ताटली भिंतीशी मांडली.

एकही उपडी नव्हती. एकीतही खिचडी नव्हती. मी मोजल्या. एकतीस.