काकीच्या अंगणातला आरसा

मी महाडात आरसे बनवतो असं सांगितलं की लोक सलूनच्या आरशाचा भाव विचारतात. म्हणून मी सांगणंच सोडलं आहे. माझा आरसा लिंबाएवढ्या पोलादी गोळ्यात बसतो. गोळ्याला एका बाजूने खाच, आत तीन आरसे एकमेकांना काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तसे. अशा कोपऱ्यात कुठूनही किरण टाका, तो आला त्याच दिशेने परत जातो. समोरच्या डोंगरावरचं यंत्र किरण टाकतं, परत आलेला पकडतं आणि गोळा नेमका कुठे आहे ते सांगतं: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली.

अवघड गोष्ट एकच. तिन्ही आरसे मिळतात तो बिंदू गोळ्याच्या बरोबर मध्यावर यावा लागतो. आला, तर गोळा कसाही फिरवा, मोजलेली जागा बदलत नाही. नाही आला, तर नुसता गोळा फिरवला तरी जागा सरकल्यासारखी दिसते. या मध्यापायी माझी चार वर्षं गेली. बायको म्हणायची, यापेक्षा सवत परवडली असती.

पोलादपूर तालुक्यात, कुडपणकडे चढताना आमची वाडी लागते. तिथे घरांच्या वर डोंगराला भेग गेली, तेव्हा मोजणीसाठी माझेच आरसे घेतले. भेगेखाली सोयीची जागा एकच निघाली, माझ्या चुलतीच्या अंगणाचा कोपरा. तिथे खोल खड्डा घेऊन सिमेंटचा खांब उभा केला, वर लोहचुंबकाची वाटी आणि वाटीत माझा गोळा. खांब हलवायचा तर रेडा जुंपावा लागला असता. गोळ्याला हात लावू नकोस, एवढं मी काकीला बजावलं होतं.

जुलैत एके दिवशी तिथून किरण परत येईना. मोजणीचे साहेब वर चढून गेले, तर गोळा मागच्या, भेगेच्या डोंगराकडे तोंड करून बसलेला. काकीची सून मुंबईहून दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती, आणि तान्ह्याला आरसा दाखवत नाहीत, एवढंही तुम्हांला कळत नाही का, असं काकीनेच साहेबांना विचारलं. मग पदराने काच पुसून तिनेच तो पुन्हा दरीकडे फिरवून दिला. पदराने पुसली हे ऐकून ओरखडे किती पडले, एवढंच मी साहेबांना विचारलं.

पुढचं मोजमाप आलं, त्यात खांब नऊ मिलिमीटर दरीकडे गेलेला. लगेच दुसऱ्या दिवशी धुकं बसलं. यंत्र होतं तो दरीपलीकडचा डोंगरच दिसेना, म्हणजे पुन्हा मोजायची सोय नाही.

वाडीने एकच धरलं, म्हातारीने हात लावला म्हणून आकडा बिघडला. साहेबांनाही ते पटलं. काकीचं धरून भेगेखालची तीन घरं खाली करायची की नाही, हे त्या एका आकड्यावर होतं. लावणी तोंडावर, रोप तयार, घर सोडायचं होतं कुणाला? गोळा फिरवल्यामुळे फरक पडला असं मी लिहून दिलं की विषय संपत होता. पण मी सगळ्यांसमोर बोलून गेलो की माझा आरसा फिरवून काही बदलत नाही. साहेब हसले आणि म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मला राग आला. अंगण खरंच वाकडं झालं असेल, असंच मी म्हणत होतो, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. काकी दारात उभी राहून ऐकत होती. माझे वडीलही त्याच घरात जन्मले होते.

गोळा टॉवेलात गुंडाळून महाडला आणला. वर्कशॉपच्या एका टोकाला वाटी, दुसऱ्या टोकाला तसंच यंत्र. गोळा जमेल तेवढा सगळीकडे फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा माझा माल खोटा निघावा म्हणून देवाला हात जोडले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही फरक येईना. वाटीत कचरा आला असेल म्हणून मुद्दाम चिमूटभर माती घालून पाहिली, तर अर्धा मिलिमीटर. नऊ कुठून येणार? एरवी असा निकाल आला की मी शेजारी पेढे वाटतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आरशात दोष नाही, असं लिहून सही केली.

काकीला सांगायला मीच गेलो.

"मंजी मी हात लावला म्हून नाय?" तिने विचारलं.

"नाही काकी. तुझी काहीच चूक नाही." तिला बरं वाटेल म्हणून हे आधी सांगितलं. केवढा मूर्ख मी.

"माजी चूक आस्ती तर घर ऱ्हायलं आस्तं रे," ती म्हणाली.

तिन्ही घरं खाली पोलादपूरला हलली. काकी, सून आणि बाळ एका नातेवाइकाच्या खोलीत राहिली. रोप वरच पिवळं पडलं. अकरा दिवसांनी धुकं उठलं. गोळा मी तोवर परत बसवला होता. खांब आणखी बावीस मिलिमीटर सरकला होता. मी लगेच काकीला फोन लावला आणि सांगितलं, की डोंगर खरंच चाललाय, आपण वेळेवर निघालो.



"मंजी तुजी काच बरोबर व्हती."

"हो."

"तुला बरं वाटलं आसंल."

मी नाही म्हणालो. पण वाटलं होतं.