शीनप्पाच्या दारातला खेळ

कुंदापूरच्या खाडीपलीकडे शीनप्पा पोस्टमन म्हणजे सगळ्यांच्या हक्काचा माणूस. निवृत्त झाला, तरी लोक त्याला ‘पोस्ट शीनप्पा’च म्हणत. नात झाली तेव्हा त्यानं देवीला नवस केला होता, तुझ्या मेळ्याचं, म्हणजे देवळाच्या नाटकमंडळीचं, यक्षगान माझ्या दारात करवीन. पण नवसांची रांग एवढी लांब, की “खेळ होईतो नातीचं लग्न होईल,” असं बायको गुलाबी म्हणायची.

एका सकाळी त्याच्या फोनवर निरोप आला. येत्या शनिवारची खेळाची तारीख रिकामी झालीय, तुमचा नंबर लागलाय, आजच आगाऊ रक्कम भरा. खाली लिंक, तिची सुरुवात देवस्थानाच्याच नावानं. उघडली तर देवीचा फोटो, वर घंटानाद. शीनप्पानं हात जोडले, कार्डाचा नंबर भरला आणि उरलेलं नंतर बघू म्हणत गावभर शनिवारचं आमंत्रण देऊन आला.

परत येऊन त्यानं ‘पैसे भरा’ दाबलं, तेव्हा गुलाबी नीर दोसे घालत होती. बँकेचा ओटीपी तिच्या फोनवर यायचा.

“अगं, आलेला नंबर सांग लवकर!”

“देवळात विचारलंत का?”

“देवीचं नाव आहे की लिंकमध्ये!”

“नाव तर आपल्या बोक्याचंही भीमसेन आहे. उंदीर बघून पळतो तो!”

तिनंच देवळात फोन लावला. कचेरीतले भट्ट हळहळले. “आम्ही असे निरोप पाठवतच नाही, अम्मा. आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा. मग त्या लिंकचा पत्ता शेवटाकडून वाचा.”

कार्ड बंद झालं, पैसे वाचले. शीनप्पानं चष्मा चढवला. देवस्थानाचं नाव, मग टिंब, आणि त्यापुढे कुठलंतरी भलतंच नाव. खरा मालक तो शेवटचा. देवीचं नाव नुसतं पुढे चिकटवलेलं.

त्यानं कपाळावर हात मारला. “जन्मभर पाकिटावर आधी गाव बघितलं, मग नाव. नाव काय, कुणीही लिहील!”

“आणि आज गावच बघितलं नाहीत.”

“ते जाऊ दे. शनिवारी लोक येतील, त्यांना काय सांगू?”

“झालं ते सांगा. जेवायला मी घालते.”

शनिवारी अंगण भरलं. शीनप्पानं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेव्हा हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. तेवढ्यात यक्षगानात गाणारे म्हातारे भागवत हिरियण्णा टाळ घेऊन पुढे बसले. वेश नाही, रंग नाही, नुसतं गाणं आणि बसल्या बसल्या संवाद. त्यांनी सीताहरण लावलं आणि शीनप्पाला जोगड्या रावण केलं. त्यानं “भिक्षां देहि” म्हणताच मागून बायका ओरडल्या, “सीतम्मा, कुठल्या गावचा ते विचार आधी!” रावणालाच हसू आवरेना.

पानं उचलताना हिरियण्णा म्हणाले, “पुढच्या शनिवारी माझ्या अंगणात. शीनप्पा, या खेपेला तू सीता हो.”