ठमीला घेऊन आई विमानात बसली

"कुत्रं का मी, एक काय ते ठरव," असं मी माझ्या आईला फोनवर म्हणाले होते.

आज आईला जाऊन एक वर्ष झालं. म्हणून हे लिहून टाकते.

तेव्हा मला सातवा महिना. डॉक्टरांनी कम्प्लीट बेड रेस्ट सांगितलेली.
बंगळुरात नवरा दिवसभर ऑफिसात, घरात मी एकटी. रोज भीती वाटायची.

आई निलंग्यात. तीस वर्षं अंगणवाडी सेविका, नुकतीच रिटायर झालेली.
सोबतीला ठमी. मांजराएवढी गावठी कुत्री.

बाबा गेल्यावर आईनं जेवण सोडलं होतं. तेव्हा ठमी ताटाजवळ बसून राहायची. आईनं दोन घास खाल्ल्याशिवाय स्वतः तोंड लावायची नाही.

मी आईला बंगळुरला बोलावलं. म्हटलं, ठमीला शेजारच्या काकूंकडे ठेव. आई म्हणाली, ती दुसऱ्याच्या हातचं खात न्हाई.
मग मी ते वाक्य बोलले आणि रडायला लागले.

आई एवढंच म्हणाली, "मी दोघींलाबी सोडणार न्हाई."

ट्रॅव्हल्सवाले कुत्रं घेईनात. मग आईनं विमानाचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा.
कंपनी स्वस्तातली, नियम मात्र हे लांबलचक.

कस्टमर केअरला रोज फोन, तिच्या त्या दखनी हिंदीत. जनावरांच्या डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेट, लसीचं कार्ड. परवानगीचा ईमेल झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट करून घेतला.
लातूरहून जाळीची बॅग आणली. ठमीला त्यात बसवून दोन आठवडे निलंगा ते औराद जीपनं प्रॅक्टिस.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.
फक्त फोन आला, "शनिवारी येतेय मी. जावईबापूंला विमानतळावर पाठव."

नांदेडच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, कुत्रं चालणार नाही, सिस्टीममध्ये दिसत नाही.
तिचा साहेब आला. म्हणाला, कुत्रं इथं कुणाकडे तरी ठेवा आणि तुम्ही जा.

आईनं आवाज चढवला नाही. कागदांची फाईल पुढं सरकवली.

"साहेब, माझी पोरगी तिकडं पलंगावर पडून हाय. मला जायचंच हाय. आन् हिला आणा म्हणून तुमच्याच कंपनीनं लिहून दिलंय. तुम्ही वाचा, मी थांबते."

त्यानं वाचलं. कुठंतरी फोन लावला. मग म्हणाला, वजन करा.

तीनशे ग्रॅम जास्त भरलं.
आईनं बॅगेतली गोधडी काढली, घडी करून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि बॅग परत काट्यावर ठेवली.
बसलं वजनात.

पूर्ण प्रवासात ठमी सीटखाली गप्प. शेजारच्या माणसाला बंगळुरात उतरताना कळलं की पायाशी कुत्रं होतं.

हे सगळं आईनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं, जणू बाजाराला जाऊन आली होती.

त्याच संध्याकाळी मी म्हणाले, आई, मी लई वाईट बोलले तुला.
"घाबरली होतीस तू," ती म्हणाली. आणि डाळीचा डबा कुठं आहे ते विचारलं.

माझी लेक तिच्याच हातांत सहा महिन्यांची झाली. मग आई आणि ठमी परत निलंग्याला गेल्या, तशाच, विमानानं.

पुढं निलंग्यात कुणाला पहिल्यांदा विमानानं जायचं असलं, की लोक आईकडं यायचे. एक रिटायर्ड गुरुजी कायमचे पुण्याला निघाले, तेव्हा त्यांचं मांजरही तिनं त्यांच्यासोबत विमानानं धाडलं, सगळे कागद स्वतः भरून. आई गेल्यावर तिच्या दिवसांना ते गुरुजी मुद्दाम पुण्याहून आले होते. मला म्हणाले, "बाईंनी मला एकट्याला जाऊ दिलं न्हाई."

दहावी शिकलेली माझी आई.

मी तिची पोरगी आहे, हे आज ताठ मानेनं सांगते.

आई, निवांत राहा. ठमी माझ्याकडं आहे, पोटभर जेवते.
तुला मनापासून नमस्कार.